घराचा दलाल आणि इंटरनेटवरील नोंदवही

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण ज्या काळी रूढ झाली, त्या काळी घर बांधणारा गृहस्थ स्वतः गवंड्याच्या पाठीशी उभा राहत असे. चुन्याची घाणी त्याच्या अंगणात फिरे, सागाचे वासे त्याच्या नजरेखालून जात आणि पायाच्या दगडापासून कौलापर्यंत काय लागले व काय वाचले याचा हिशेब त्याच्या वहीत असे. आज घर बांधणारे थोडे आणि तयार घर विकत घेणारे फार. घेणारा आणि विकणारा यांची गाठ पुष्कळदा शेवटच्या दिवशीच पडते. तोवर त्यांच्यामध्ये एक तिसरा मनुष्य उभा असतो. त्याला कोणी दलाल म्हणतात, कोणी एजंट म्हणतात. अलीकडे तो स्वतःस सल्लागार म्हणवून घेतो. नाव काहीही असो, आयुष्यभराची पुंजी कोठे घालावी याचा निम्मा निर्णय त्याच्या तोंडच्या शब्दांवर होतो, हे मात्र खरे.

पूर्वीचा दलाल पेठेतला असे. त्याचे घर, त्याचा बाप, त्याने मागे कोणाचा वाडा कोणाला मिळवून दिला आणि त्यात कोण फसले, हे चार दुकानांत विचारले की कळे. एखाद्याला त्याने बुडविले, तर ती वार्ता पुढच्या लग्नाच्या पंगतीत निघे आणि त्याचा धंदा बसे. ही लोकांच्या तोंडची नोंदवही फारशी चुकत नसे. परंतु ग्वाल्हेरच्या कुटुंबाला पुण्यात घर हवे असेल, बडोद्याच्या निवृत्त कारकुनाला मुलाजवळ ठाण्यात राहावयाचे असेल, किंवा आखातात नोकरी करणाऱ्या गोमंतकीयाला म्हापशाच्या आसपास जागा घ्यावयाची असेल, तर तेथे त्यांच्या ओळखीची पंगत कोठून असणार? ही उणीव इंटरनेटने भरून काढली आहे, असे आज सर्वत्र म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. इंटरनेटवर एकाच पडद्यावर दोन अगदी निराळ्या वस्तू शेजारी शेजारी मांडलेल्या असतात: एक जाहिरात आणि दुसरी सरकारी नोंदवही. दोन्हींची अक्षरे सारखीच ठसठशीत दिसतात. बहुतेक लोक पहिली वाचतात आणि दुसरी वाचली असे समजतात.

प्रथम जाहिरातीचा विचार करू. घरांच्या जाहिराती देणारी मोठी संकेतस्थळे आपल्या देशात २००५ च्या सुमारास सुरू झाली. ९९ एकर्स आणि मॅजिकब्रिक्स ही त्यांतील जुनी नावे. दलालाशिवाय व्यवहार जुळवून देऊ म्हणणारे नोब्रोकर २०१४ मध्ये आले. या संकेतस्थळांचा उपयोग नाही असे कोण म्हणेल? कोणत्या भागात साधारण काय भाव चालतो, दोन खोल्यांच्या घराचे किती मागतात, हे इंदूरला बसून अर्ध्या तासात समजते. पूर्वी त्यासाठी आठ दिवस नातलगाकडे मुक्काम करावा लागे. मात्र तेथे दिसणारी किंमत ही मागितलेली किंमत असते, ठरलेली नव्हे. तसेच यादीत ज्या एजंटाचे नाव वर दिसते, त्याने बहुधा वर दिसण्याचे पैसे भरलेले असतात. एकच घर चार एजंटांनी चार वेगळ्या छायाचित्रांनिशी आणि थोड्याफार वेगळ्या किमतीला टाकलेले आढळते. कधी कधी ते घर केव्हाच विकले गेलेले असते आणि केवळ गिऱ्हाइकाचा फोन यावा म्हणून जाहिरात तशीच ठेवलेली असते. तेथे आपला मोबाइल क्रमांक एकदा दिला, की सायंकाळपर्यंत पाच अनोळखी माणसे 'काका' म्हणून हाक मारू लागतात.

तारांकित शेऱ्यांविषयीही थोडे तारतम्य हवे. अमक्या एजंटास पाचपैकी पाच तारे आहेत, एवढ्यावरून त्याने काय केले ते कळत नाही. घर विकत घेण्याचा प्रसंग माणसाच्या आयुष्यात एकदोनदाच येतो. शेरा लिहिणारा बहुधा चावी मिळाल्याच्या आनंदात लिहितो, आणि दोष असलाच तर तो पुढच्या पावसाळ्यात उघडा पडतो. शिवाय शेरे लिहवून घेता येतात. हा प्रकार इतका वाढला, की भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ग्राहकांच्या ऑनलाइन शेऱ्यांसाठी आयएस १९००० हे मानक प्रसिद्ध केले. ज्यात तारीख, प्रकल्पाचे नाव आणि नेमके काय घडले हे लिहिलेले आहे, असा एक तक्रारीचा शेरा वीस कौतुकांपेक्षा अधिक शिकवून जातो.

आता नोंदवहीकडे वळू. संसदेने २०१६ मध्ये स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम संमत केला आणि १ मे २०१७ पासून तो पूर्णपणे अंमलात आला. लोक त्याला त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून 'रेरा' म्हणतात. बिल्डरांवर अंकुश ठेवणारा कायदा म्हणून तो प्रसिद्ध आहे. पण त्याची नववी आणि दहावी कलमे खास एजंटांसाठी आहेत, हे पुष्कळांना ठाऊक नसते. नोंदणीकृत प्रकल्पातील घर वा भूखंड विकून देणाऱ्या एजंटाने राज्याच्या प्राधिकरणाकडे स्वतःची नोंदणी केलीच पाहिजे, आणि प्रत्येक विक्रीच्या कागदावर आपला नोंदणी क्रमांक घातला पाहिजे. एजंटाची व्याख्याही मोठी व्यापक आहे. मोबदला घेऊन कोणत्याही माध्यमातून घेणाऱ्याची आणि विकणाऱ्याची गाठ घालून देणारा, मग तो दलाल म्हणवो वा मध्यस्थ म्हणवो, तीत येतो. तेव्हा चर्चच्या पायरीवर किंवा मंडळाच्या हळदीकुंकवात ओळख झालेली आणि बिल्डरकडून आपले कमिशन गुपचूप घेणारी व्यक्तीही, कितीही घरोब्याची असली तरी, कायद्याच्या दृष्टीने एजंटच होय.

याहून महत्त्वाचे कलम चौतिसावे. नोंदणी झालेल्या एजंटांची नावे छायाचित्रांसह संकेतस्थळावर सर्वांना पाहता येतील अशी ठेवणे, आणि ज्यांची नोंदणी नाकारली किंवा रद्द केली त्यांचीही त्यात नोंद करणे, हे प्राधिकरणाचे कर्तव्य म्हणून त्यात सांगितले आहे. पेठेतल्या चार दुकानांत जे विचारले जाई, त्याचा एक भाग असा सरकारी दप्तरात आला. त्यासाठी शुल्क नाही, वशिला नाही. एजंटाला कळूही न देता त्याची नोंद पाहता येते.

ही नोंदवही वाचावी कशी, ते एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. इंदूरचे एक निवृत्त शिक्षक आणि त्यांची पत्नी यांना पुण्यात, मुलाच्या नोकरीच्या ठिकाणाजवळ, साठ लाखांचे घर घ्यावयाचे आहे असे समजा. एका एजंटाचा फोन येतो. त्याचा आवाज गोड आहे, तो घाई करतो आणि म्हणतो, "काका, आता दोनच फ्लॅट उरलेत; रविवारपर्यंत टोकन दिलं तरच हा दर." या वेळी शिक्षकांनी दर विचारण्याऐवजी त्याचा नोंदणी क्रमांक विचारावा. खरा एजंट तो लगेच सांगतो. 'पाठवतो, पाठवतो' म्हणून जो दोन दिवस टाळतो, त्याच्यासाठी तिसरा दिवस खर्च करू नये. महाराष्ट्रात एजंटाच्या क्रमांकाचे आद्याक्षर 'ए' असते आणि प्रकल्पाच्या क्रमांकाचे 'पी'. गुजरात व कर्नाटक येथे एजंटाच्या क्रमांकात 'एजी' ही अक्षरे असतात. एजंटाचा क्रमांक विचारला असता प्रकल्पाचाच क्रमांक ठोकून देण्याची युक्ती काहीजण करतात. ती या एका अक्षरावरून ओळखता येते.

क्रमांक मिळाला की तो महारेराच्या संकेतस्थळावर घालून पाहावा. नाव तेच आहे काय? नोंदणी व्यक्तीच्या नावाची आहे, की एखाद्या संस्थेच्या? संस्थेची असेल, तर फोन करणारा त्या संस्थेत खरोखर काम करतो काय, हे संस्थेच्या नोंदलेल्या पत्त्यावर विचारावे. कारण दुसऱ्याच्या प्रमाणपत्राची प्रत मोबाइलवर पाठविणे अगदी सोपे असते. नोंदणीची मुदत पाहावी. ती पाच वर्षांची असते आणि पुढे नूतनीकरण करावे लागते. महाराष्ट्रात आणखी एक अट आहे. जानेवारी २०२३ मध्ये महारेराने एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची करण्याचा आदेश काढला आणि मुदतवाढीनंतर १ जानेवारी २०२४ पासून ती अट लागू झाली. परीक्षा उत्तीर्ण न झालेल्या हजारो एजंटांची नोंदणी २०२४ मध्ये स्थगित करण्यात आली. म्हणजे कालपर्यंत नोंदणीकृत असलेला मनुष्य आज तसा असेलच असे नाही. परीक्षा दिल्याने मनुष्य सज्जन होतो असे कोणीही समजणार नाही, शिक्षक तर नाहीच नाही. पण ज्याने कायदा वाचण्याचे कष्टही घेतले नाहीत, तो दुसऱ्याला काय समजावून देणार?

यापुढची पायरी सर्वांत उपयोगाची, आणि तीच बहुधा गाळली जाते. एजंटाची नोंद पाहून झाल्यावर तो जे घर दाखवीत आहे त्या प्रकल्पाचे पान उघडावे. महाराष्ट्रात १ ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोड छापणे बंधनकारक आहे. त्यावर मोबाइल धरला की हे पान थेट उघडते. बिल्डरने नोंदणीच्या अर्जात आपल्या एजंटांची नावे व पत्ते द्यावेत, असे चौथे कलम सांगते. तेव्हा हा एजंट त्या यादीत आहे काय, ते पाहावे. नसल्यास तो लबाडच आहे असे नव्हे. यादी जुनी असू शकते. परंतु मग बिल्डरच्या कार्यालयास फोन करून खात्री करून घेणे अगत्याचे ठरते.

त्याच पानावर एजंटाच्या बोलण्याची परीक्षाही होते. घरांपैकी किती घरे आरक्षित झाली, कोणत्या परवानग्या मिळाल्या आणि काम कोठवर आले, ही माहिती दर तीन महिन्यांनी अद्ययावत करण्याचे बंधन बिल्डरवर आहे. 'दोनच फ्लॅट उरलेत' असे सांगणाऱ्या एजंटाचा प्रकल्प जर निम्माही आरक्षित झालेला नसेल, तर शिक्षकांना त्या एजंटाविषयी जे कळावयाचे ते कळले. ताबा कोणत्या तारखेस द्यावयाचा हेही तेथे लिहिलेले असते, आणि ती तारीख मागे एकदा वाढवून घेतली असेल तर तेही दिसते. एजंट 'पुढच्या दिवाळीत' म्हणतो आणि पान दोन वर्षे पुढची तारीख सांगते, असे घडू शकते. तिसरा प्रश्न क्षेत्रफळाचा. कायद्याने चटई क्षेत्राची, म्हणजे भिंतींच्या आतील प्रत्यक्ष वापरता येणाऱ्या जागेची, व्याख्या केली आहे आणि बिल्डरला तेच सांगणे भाग आहे. जिना, लिफ्ट व ओसरी मिसळून फुगविलेला आकडा जो एजंट अजूनही सांगतो, त्याला एक तर कायदा माहीत नाही किंवा गिऱ्हाइकाला तो माहीत नसावा अशी त्याची इच्छा आहे. अशा रीतीने एजंटाची पारख त्याच्याविषयी इतरांनी लिहिलेल्या शेऱ्यांवरून न होता, त्याच्याच तोंडच्या तीन वाक्यांवरून होते, आणि ती वाक्ये पडताळण्याचे साधन शिक्षकांच्या हाती इंदूरला बसल्या बसल्या असते.

प्रकल्पाचे पानच सापडले नाही तर? हा प्रश्न इंदूर आणि हैदराबाद येथील मंडळींनी विशेष लक्षात घ्यावा. इंदूरकडे 'डायरी'वर प्लॉट घेण्याची भाषा अजून कानी पडते: वसाहतीची परवानगी यावयाची असते, आणि तोवर दिलेल्या पैशाची नोंद पावतीऐवजी एका डायरीत होते. हैदराबादेत त्याच वस्तूला 'प्री-लाँच' असे भारदस्त नाव आहे. नोंदणीपूर्वी प्रकल्पाची जाहिरात करणे, आरक्षण घेणे किंवा विक्री करणे, यांपैकी काहीही करता येत नाही, असे तिसरे कलम स्पष्ट सांगते. आणि नोंदणी नसलेल्या अशा प्रकल्पाच्या विक्रीस एजंटाने हात लावू नये, हे दहावे कलम. एजंटाने हे नियम मोडल्यास दिवसाला दहा हजार रुपये आणि एकूण घराच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. साठ लाखांच्या घरात तो तीन लाखांपर्यंत जातो. 'आता स्वस्त मिळते, नोंदणी झाली की भाव चढेल' हे एजंटाचे बोलणे खरेही असेल. पण डायरीच्या पानावर न्यायालयात भांडता येत नाही.

मात्र प्रत्येक प्रकल्पाला नोंदणी लागतेच असे नाही. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा अधिक नसेल किंवा घरे आठापेक्षा अधिक नसतील, तर कायद्याने सूट दिली आहे. एखाद्या गावातील सहा घरांची टुमदार इमारत रेराच्या पानावर न दिसण्याचे कारण हे असू शकते. एजंटाने ते कारण स्वतः होऊन सांगितले, तर ती त्याच्या प्रामाणिकपणाची एक खूण समजावी.

सीमाभागात आणखी एक गुंतागुंत आहे. एजंटाची नोंदणी एका राज्यापुरती असते. बेळगावचा एजंट कर्नाटकात नोंदलेला असला, तरी कोल्हापूर किंवा पुणे येथील प्रकल्पातील घर विकून देण्यास त्याला महाराष्ट्राची नोंदणी लागते. मोपाचा विमानतळ २०२३ मध्ये वाहतुकीस खुला झाल्यापासून 'विमानतळानजीक' म्हणून ज्या भूखंडांच्या जाहिराती गोव्यात फिरतात, त्यांतील काही जमिनी दोडामार्ग वा सावंतवाडी तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात, असतात. तेव्हा जागा ज्या राज्यात, नोंदवही त्या राज्याची पाहावी. कायदेही कोसाकोसावर बदलतात. कर्नाटकाने २०२० मध्ये बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेण्यावरील बंधने काढून टाकली. पण बेळगावला लागून असलेल्या चंदगड तालुक्यात महाराष्ट्राचा कायदा चालतो आणि तेथे शेतकरी नसलेल्यास परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. गोव्यानेही २०२३ मध्ये भातशेती वाचविण्यासाठी अशा हस्तांतरावर निर्बंध घातले. हा फरक ज्या एजंटाला विचारल्याशिवाय सांगता येतो, तो सीमाभागात कामाचा.

आता नोंदवही जेथे मुकी होते, तिकडे वळले पाहिजे. रेराची एजंटविषयक सक्ती बिल्डर विकीत असलेल्या नोंदणीकृत प्रकल्पांपुरती आहे. जुन्या मालकाकडून घर घ्यावयाचे असेल, म्हणजे ज्याला बाजारात 'रीसेल' म्हणतात तो व्यवहार असेल, तर तो जुळवून देणाऱ्या दलालाला या नोंदणीची गरज नाही. गोव्यातील जुनी घरे, बडोद्याच्या पोळातील वाडे, ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील इमले हे सारे या बाजूस पडतात. येथे एजंटाची पारख कशी करावी? येथेही इंटरनेट उपयोगी पडते, पण ते एजंटाविषयी काही सांगत नाही. ते जमिनीविषयी सांगते.

गोव्याचे उदाहरण घेऊ. तेथील जमिनीचा 'नमुना १ व १४' हा उतारा सर्वेक्षण क्रमांक घालून भूमापन खात्याच्या संकेतस्थळावर पाहता येतो. त्यावर कब्जेदार कोण, कूळ आहे काय आणि इतर हक्कांच्या रकान्यात कोणा मुंडकाराचे नाव आहे काय, हे दिसते. पुष्कळदा कब्जेदार म्हणून जे नाव असते त्याचा मालक स्वर्गवासी होऊन चाळीस वर्षे झालेली असतात. मुले पोर्तुगाल, इंग्लंड, मुंबई अशी विखुरलेली असतात. गोव्याच्या नागरी कायद्यात पती-पत्नीची मालमत्ता सामान्यतः सामाईक असते. विकणाऱ्या भावाबरोबर त्याच्या पत्नीची सही लागते, आणि वारसांची वाटणी 'इन्व्हेंटरी' म्हणजे दाव्याच्या रीतीने ठरवून घ्यावी लागते. खरेदीदाराने हा उतारा आधी स्वतः पाहून ठेवावा आणि मग एजंटास अजाणपणे विचारावे, "मालक कोण?" जो एजंट म्हणतो, 'थोरला भाऊ इथेच आहे, तो सही देईल, बाकीचे काही बोलणार नाहीत', त्याला वारसाहक्काचा कायदा माहीत नाही किंवा माहीत असून तो गप्प आहे. जो म्हणतो, 'सात वारस आहेत, दोन परदेशी आहेत, त्यांची मुखत्यारपत्रे यावयाची आहेत, चार महिने लागतील', त्याचे बोलणे कंटाळवाणे वाटले तरी माणूस तोच धरावा.

इतरत्र कागदांची नावे बदलतात, रीत बदलत नाही. महाराष्ट्रात व गुजरातेत सातबारा आणि दस्तांचा 'इंडेक्स दोन', कर्नाटकात पहाणी उतारा आणि बोजा दाखविणारी 'ई.सी.', मध्य प्रदेशात खसरा व खतौनी, हे त्या त्या राज्याच्या संकेतस्थळांवर पाहावयास मिळतात. बेळगावात भूखंड 'बुडा'ने मंजूर केलेल्या आराखड्यातील आहे की गुंठेवारीतील, हा एकच प्रश्न एजंटास विचारावा आणि त्याचे उत्तर लेखी मागावे. अर्थात पडद्यावरचा उतारा माहितीपुरता असतो. व्यवहाराच्या वेळी सही-शिक्क्याची प्रत काढून ती वकिलाकडून तपासून घ्यावीच लागते. वकील खरेदीदाराने स्वतः शोधलेला असावा. एजंटाने सुचविलेला नको.

मोबदल्याची गोष्ट लोक संकोचाने मागे ठेवतात, आणि तेथेच मन कटू होते. नव्या प्रकल्पात एजंटास बिल्डर पैसे देतो. बाजारात त्याला 'चॅनल पार्टनर' म्हणतात. 'आपल्याकडून एक पैसा घेणार नाही' असे तो अभिमानाने सांगतो, आणि ते खरेही असते. पण जो पैसे देतो त्याचे काम मनुष्य करतो, ही साधी गोष्ट खरेदीदाराने ध्यानात ठेवावी. रीसेलमध्ये महाराष्ट्रात साधारण एक ते दोन टक्के दलाली दोन्ही बाजूंकडून घेण्याची वहिवाट आहे. साठ लाखांवर एक टक्का म्हणजे साठ हजार. एजंट जीएसटीखाली नोंदलेला असल्यास त्यावर अठरा टक्के, म्हणजे दहा हजार आठशे रुपये अधिक. त्याने हा कर मागितला, तर त्याचा पंधरा अक्षरांचा जीएसटी क्रमांक मागून घ्यावा आणि तो जीएसटीच्या संकेतस्थळावर घालून पाहावा. क्रमांक कोणाच्या नावाचा आहे ते तेथे दिसते. पहिले दोन अंक राज्याचे असतात: महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०, कर्नाटकाचे २९. नोंदणी नसताना कर मागणारे महाभाग आढळतात, म्हणून हा तपशील.

इसाराच्या रकमेचे बंधन तर तोंडपाठच असावे. नोंदणीकृत साठेखत होण्यापूर्वी बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, असे तेरावे कलम आहे. साठ लाखांच्या घरावर सहा लाख ही कमाल मर्यादा झाली. ती देणे बंधनकारक आहे असा त्याचा अर्थ नव्हे. ही रक्कम प्रकल्पाच्या नावाच्या बँक खात्यात जावी, एजंटाच्या खात्यात वा त्याच्या मोबाइलवर नव्हे. घर न पाहता, केवळ चलच्चित्र पाहून पैसे पाठविण्यास सांगणारा एजंट नोंदणीकृत असला तरी त्याला नकार द्यावा.

कारण पडद्याला काही गोष्टी दिसतच नाहीत. नळाला पाणी किती वेळ येते, टँकर कितीदा बोलवावा लागतो, जिन्यात ओल आहे काय, शेजारच्या रिकाम्या भूखंडावर उद्या काय उभे राहणार, हे तेथे गेल्यावाचून समजत नाही. इंदूरच्या त्या दांपत्याने निवडलेल्या एजंटाने मागे विकलेल्या एखाद्या इमारतीत जावे, आणि शक्य तर पावसाळ्यात जावे. शिक्षक एजंटाशी कागदांविषयी बोलत असताना त्यांच्या पत्नीने वरच्या मजल्यावरील गृहिणीशी पाण्याविषयी दोन शब्द बोलावेत. ज्या एजंटाला आपल्या जुन्या गिऱ्हाइकाकडे नव्या गिऱ्हाइकाला नेण्याची भीती वाटत नाही, त्याच्याविषयी आणखी तारे मोजण्याचे कारण उरत नाही.

शेवटी एक लहानशी दक्षता. संकेतस्थळावरील पाने बदलतात. ताब्याची तारीख पुढे जाते, एजंटाची नोंदणी संपते. म्हणून ज्या दिवशी इसार द्यावयाचा, त्याच दिवशी एजंटाच्या नोंदीचे आणि प्रकल्पाच्या पानाचे चित्र तारखेसह मोबाइलवर टिपून घ्यावे, शक्य तर कागदावर छापून पावतीला जोडावे. एजंटाने बोलून दाखविलेली वचनेही त्याच दिवशी संदेशाने त्याच्याकडून लिहून घ्यावीत. कायद्याच्या एकतिसाव्या कलमान्वये तक्रार जशी बिल्डरविरुद्ध करता येते, तशीच ती एजंटाविरुद्धही करता येते. ती घरबसल्या संकेतस्थळावरून दाखल करता येते, आणि तिला जोडावयाचे पहिले कागद हेच असतात.